अष्टमीची रेघ

पालघरकडं जाऊन आलो म्हटलं की माणसं दोनच गोष्टी विचारतात. केळव्याच्या समुद्रावर गेला होतात का, आणि सातपाटीचं पापलेट आणलंत का. मी दोन्हींना नाही म्हणतो. मग ती माझ्याकडं अशी बघतात, की हा म्हातारा तिकीट काढून नुसता फलाटावर बसून आला असणार. म्हणून म्हटलं, एकदा काय ते लिहूनच टाकावं. ज्यांना जायचंय त्यांनी वाचून ठरवावं.

आधी माझी ओळख. मी सदाशिव, निवृत्त सरकारी मोजणीदार. जन्मभर दुसऱ्यांच्या जमिनी मोजल्या आणि दोन्ही बाजूंच्या शिव्या खाल्ल्या, त्यामुळं स्वभाव जरा चिडका झालाय. गाव माणदेशातलं. आमच्याकडं पाणी म्हणजे बोअरला लागलं तर देव, नाही तर टँकर. नोकरीला लागेपर्यंत समुद्र मी फक्त कॅलेंडरवर बघितला होता. असल्या माणसाला साहेबांनी किनाऱ्याच्या मोजणीवर धाडलं.

ही तीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. किनाऱ्याचा कायदा तेव्हा नवा होता. कायदा सांगतो, उधाणाच्या भरतीचं पाणी जमिनीवर जिथवर चढतं ती भरतीरेषा, आणि तिच्या समुद्राकडची जागा कोणाला आवार-बिवार घालायला देता येत नाही. ती रेघ एका गावाच्या नकाशावर उतरवायचं काम माझ्याकडं आलं. मुरबे आणि तारापूरच्या मधलं हे गाव. मी त्याला पाचखार म्हणतो, खरं नाव सांगून तिथल्या माणसांना आणखी ताप नको. उधाण येतं ते अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास. अष्टमीची भरती अगदी मवाळ, तिला तिकडं भांग म्हणतात. हे मला आज माहीत आहे. तेव्हा नवरात्र चाललं होतं, आमच्या गावच्या पालखीचा मान आमच्या घरात, आणि दसऱ्याला मला काही करून घरी पोचायचं होतं. म्हणून अष्टमीच्या सकाळी जाऊन ओली वाळू बघितली, तिथं दगड पुरला आणि रेघ ओढून मोकळा झालो. साखळीचं दुसरं टोक धरायला गावातला काशिनाथ तांडेल होता. तो म्हणाला होता, साहेब, हा भांग हाय, पुनवेला या आणि मंग बघा. मी त्याला म्हटलं, तू साखळी ताणून धर.

गेल्या कार्तिकात एका बाईचा फोन आला. काशिनाथची सून जयवंती. तिनं नकाशाच्या कोपऱ्यातलं माझं नाव वाचून, कुठून कुठून विचारत माझा नंबर मिळवला होता. गावाच्या खळ्यावर, म्हणजे जिथं सगळं गाव बोंबील वाळवतं त्या मोकळ्या जागेवर, एका कंपनीला माल साठवायचं आवार घालायचं होतं. कागदावर ती जागा कोरडी आणि पडीक. कारण माझी रेघ तिच्या पलीकडं, समुद्राकडं. अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी जनसुनावणी होती, आणि रेघ चुकीची आहे हे सांगायला रेघ ओढणाराच हवा होता. मी गुडघ्याचं कारण काढलं. ती म्हणाली, "बाबा वारले त्याला चार वर्सं झाली. तुमी येनार असं ते सारखे बोलायचे." मग माझ्याच्यानं नाही म्हणवेना.

चतुर्दशी : बोईसर ते पाचखार

बोईसरला उतरलो तेव्हा दुपार कलत होती. पहिला चहा इतका गोड की ओठ चिकटले. दुसऱ्याला सांगितलं साखर कमी टाक, तर त्यानं दूध कमी टाकलं. रिक्षावाला उत्तरेकडचा होता. पाचखार म्हटल्यावर त्यानं आरशातून माझ्याकडं नीट बघितलं. "उधर? कल-परसों तो उधर पानी का दिन है, चाचा." मी म्हटलं ठाऊक आहे. खरं तर मला काहीही ठाऊक नव्हतं.

कारखान्यांच्या वसाहतीतून रस्ता जातो. वास दर वळणाला बदलतो, आणि आधीच्या वासाची सवय होते तोवर पुढचा येतो. एका नाल्याचं पाणी जांभळट होतं आणि काठावर एक बगळा एका पायावर उभा होता. परत येताना बघितलं तर तिथंच, त्याच पायावर. तो जिवंत होता की नाही हे मी खात्रीनं सांगू शकत नाही. पुढं चिकू-नारळाच्या वाड्या लागल्या, कौलारू घरं, दारात रांगोळ्या, आणि जरा हायसं वाटलं. मग वाड्याही संपल्या आणि काही नारळ नुसतेच खांबांसारखे उभे दिसले, शेंडा नसलेले. रिक्षावाला म्हणाला, खारं पाणी. आमच्याकडं झाडं पाण्यावाचून मरतात. इथं ती पाणी पिऊन मेलेली.

जयवंतीबाई पन्नाशीची, उंच, कमी बोलणारी. नवरा होडीवर गेलेला, चार दिवसांनी येणार होता. तिनं मला पाणी दिलं, हातात काठी दिली आणि म्हणाली की आधी दगड बघून घ्या, ओहोटी आता पुरती लागलीय, उद्या-परवा वेळ मिळायचा नाही.

दगड समुद्रकाठी असेल या समजुतीनं मी रबरी चपला घालून निघालो. पण बाई वाळू ओलांडून गेली, वाळूपुढच्या चिखलातही शिरली आणि चालतच राहिली. वारा नव्हता. लाटांचा आवाजही नव्हता, कारण समुद्र इतका लांब गेला होता की नुसती एक चकाकणारी रेघ दिसत होती. पायाखाली भोकं होती, त्यांतून खेकडे आत जायचे आणि चिखल बारीक कुजबुजल्यासारखा वाजायचा. मागं वळून बघितलं तर गाव हातभर उंचीचं झालेलं. आणि मग समोर दगड. एकटा, चिखलात कमरेएवढा उघडा पडलेला, अंगभर कालवं चिकटलेली. मी तो गुडघाभर जमिनीत गाडला होता, ओल्या वाळूच्या कडेला. काठ निघून गेला आणि दगड तेवढा मागं राहिला.

पण अंगावर काटा आला तो वेगळ्याच गोष्टीनं. दगडाचा माथा स्वच्छ होता. त्यावर मी छिन्नीनं कोरलेली फुली काल कोरल्यासारखी दिसत होती, एक शिंपली नाही की शेवाळ नाही. मी बाईंकडं बघितलं. त्यांनी कमरेची कोयती काढली, माथ्यावरचं उगवू बघणारं एक कालव खरवडलं, आणि सांगितलं की काशिनाथ दर मोठ्या ओहोटीला इथं येऊन माथा साफ करायचा. साहेब परत मोजायला येतील तेव्हा खूण दिसली पाहिजे, असं म्हणायचा. त्याच्यानंतर ते काम त्यांच्याकडं आलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी त्या गावाचं नावसुद्धा विसरलो होतो.

सूर्य टेकला तसं त्या चला म्हणाल्या. समुद्र तर अजून लांबच होता, म्हणून मी रेंगाळलो, दगडाभोवती एक फेरी मारली. तेवढ्यात पायाला गार लागलं. पाणी समोरून नव्हे, मागून आलं होतं, गावाच्या बाजूनं. खाडीच्या एका घळीतून ते गुपचूप आत शिरतं आणि माणसाला मागून गाठतं. माझा एक पाय पोटरीपर्यंत रुतला. मी ओरडलो, "जयवंतीबाई! जयवंतीबाई, थांबा!" त्या थांबल्या, पण वळल्या नाहीत, आणि ओ म्हणून दिली नाही. पाठमोऱ्याच दहा पावलं मागं आल्या, स्वतःच्या हातातली काठी माझ्याकडं केली आणि मला ओढून काढलं. पाय आला, चप्पल राहिली.

घर येईपर्यंत एक शब्द नाही. ओट्यावर चढल्यावर त्यांनी सांगितलं, "पानी पायाशी हाय तवर कोनाचा नाव घ्यायचा नाय, साहेब. आनि आपला नाव कोनी घेतला तर ओ द्यायची नाय. पानी ऐकतं. मंग ते मानसाला नावानं शोधत घरात येतं." मी हसलो नाही. चिखलात रुतलेला असताना त्यांची पाठ बघितली होती, तेव्हा हसू कुठून येणार.

रात्री मला मागच्या उंचावरच्या आळीत त्यांच्या दिराकडं झोपवलं. जेवायला तांदळाची भाकरी आणि ओल्या बोंबलाचं कालवण. आम्ही ज्वारी-बाजरीची माणसं, पण खोटं कशाला बोलू, तीन भाकऱ्या खाल्ल्या.

अमावास्या : जयवंतीबाईंची चूल

सकाळी अकराच्या आत गावातली सगळी जेवणं उरकली. आमच्याकडं अमावास्येला माणसं नवा व्यवहार करत नाहीत. इथं अमावास्येला चूल साफ करतात. जयवंतीबाईंनी गॅसची शेगडी टेबलावर चढवली होतीच, पण मागच्या पडवीत सासूबाईंपासूनची मातीची चूल होती. तिच्यातला विस्तव त्यांनी स्वतः पाणी शिंपडून विझवला आणि राख डब्यात भरून फळीवर ठेवली. मी विचारलं, नाहीतरी पाणी येऊन विझवणारच आहे की. त्या म्हणाल्या की त्यानं विझवायच्या आधी आपण विझवायचा, घराचा विस्तव त्याला द्यायचा नाही.

मग त्यांनी मला भिंत दाखवली. बाहेर जोत्याच्या दगडावर गेरूची एक आडवी रेघ होती, जुनाट, फिकी. पायरीवर दुसरी. उंबऱ्यावर तिसरी. मग आत, भिंतीच्या बुडाशी, जमिनीलगत उभ्या खुणा, एकीपुढं एक, माजघरातून स्वयंपाकघराकडं चालत गेलेल्या. दर कार्तिकी अमावास्येला पाणी जिथवर पोचलं तिथं काशिनाथनं खूण केली होती. मी साखळी गुंडाळून निघून गेलो, आणि त्यानं मोजणी चालूच ठेवली. शेवटच्या चार खुणांचा हात वेगळा होता, जरा थरथरता. तो जयवंतीबाईंचा. शेवटची खूण चुलीच्या मागच्या भिंतीला टेकली होती.

माझ्या डोक्यात आकडेमोड सुरू झाली, सवयच ती. मी पुनवेला आलो असतो तर माझी रेघ जोत्याच्या दगडावर पडली असती. खळं समुद्राकडं, म्हणजे कायद्यानं सुरक्षित. घर गावाकडं, तेही सुरक्षित. दोन्ही वाचलं असतं. आता खरी रेघ मोजायची तर ती चुलीमागं जाणार. खळं वाचेल, पण हे घर आणि शेजारची ओळ कागदावर समुद्रात जाईल. मग ना दुरुस्तीची परवानगी, ना पडलं तर भरपाईची खात्री.

मी घाईघाईनं म्हणालो की मी उद्या जोत्यावरचीच रेघ सांगतो, तेव्हाची खरी. त्यांचं लक्ष जमिनीकडं होतं.

दुपारचे बारा वाजून गेले होते. बाहेर लख्ख ऊन, आभाळात ढगाचा ठिपका नाही. मला वाटलं होतं की पाणी दारातून येईल. ते दारातून आलं नाही. आधी मोरीच्या तोंडाशी एक बुडबुडा फुटला. मग लादीच्या सांध्यांतून ओल वर आली, जशी घामाची येते, आणि बघता बघता सगळी जमीन चमकू लागली. आवाज म्हणून नाही. बाईंनी मला खुणेनं पलंगावर पाय घ्यायला सांगितलं आणि स्वतः टेबलापाशी स्टुलावर बसल्या, हात मांडीवर, एखाद्या पाहुण्याची वाट बघत बसावं तशा. रस्त्यावरची पोरं गप्प. कुत्री ओट्यांवर चढून बसलेली. अख्ख्या गावात कोणी कोणाला हाक मारत नव्हतं. माझ्या जन्मात एवढी शांत दुपार मी पाहिलेली नाही, आणि पुन्हा पाहायची इच्छाही नाही.

कोपऱ्यातलं एक रिकामं पातेलं तरंगलं आणि हळूहळू फिरत भिंतीला जाऊन लागलं. टक. परत फिरलं. टक. तेवढा एकच आवाज तासभर येत होता.

आणि मग दारातून, अगदी सावकाश, माझी चप्पल आत आली.

तीच, कालची, पट्टा तुटलेला. माजघर ओलांडून ती पलंगाच्या पायापाशी येऊन थांबली. समुद्रात गेलेली वस्तू ओहोटी-भरतीनं परत येते, त्यात नवल नाही, हे मी स्वतःला दहा वेळा समजावलं. जयवंतीबाईंनी तिच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि पायानं ती माझ्यापासून लांब ढकलली.

पाणी उतरल्यावर त्यांनी गेरू घेतला. या वर्षी खूण पुढं सरकायला जागाच उरली नव्हती, पाणी चुलीमागच्या भिंतीवर चार बोटं चढलं होतं. त्यांनी तिथं आडवी रेघ ओढली. मी विचारलं की उद्या मोठी भरती असते ना, मग सुनावणीचा मांडव खळ्यावरच का घातलाय. सकाळपासून तिथं खुर्च्या उतरत होत्या. त्या म्हणाल्या, "आमी सांगितलं होतं त्यांना, उद्या इथं पानी येतं. त्यांनी नकाशा उघडून दाखवला. बोलले, ही जागा कोरडी हाय." गेरूचा हात पुसत त्या पुढं म्हणाल्या, "आमी तर तुमालापन सांगितलं होतं."



प्रतिपदा : खळ्यावरचा मांडव

बोंबलाचे बांबू उपटून बाजूला रचले होते. मध्ये झालरीचा मांडव, लाल जाजम, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, टेबलावर पाण्याच्या बाटल्या. सुनावणी घ्यायला आलेल्या बाई तरुण होत्या, वागायला सभ्य, चेहऱ्यावर झोप न झाल्याची खूण. त्यांच्या शेजारी यादी घेतलेला कारकून. अकराला सुरू होणार होतं ते पावणेबाराला झालं. कंपनीच्या माणसानं पडद्यावर चित्रं दाखवली. त्यांत खळं हिरवंगार होतं आणि त्यावर कोणी माणूस नव्हतं.

साडेबाराच्या सुमारास जाजमाचा रंग एका कडेनं गडद होऊ लागला. माझ्या पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यानं चप्पल काढून हातात घेतली. मग सगळ्या मांडवानं. कोणी कोणाला काही सांगितलं नाही, दोनेकशे माणसांनी एकदमच पाय उचलले. जाजमाखाली खेकड्यांची भोकं होती, त्यांतून हवा सुटत होती, आणि जाजम जागोजागी फुगत होतं, बसत होतं. मांडववाला धावत जाऊन जनरेटर बंद करून आला, शॉक लागायची भीती. माईक गेला, पंखे गेले, पडद्यावरचं हिरवं खळं गेलं.

अधिकारीबाई गोंधळल्या. पाणी त्यांच्या घोट्याला लागलं होतं. पण सुनावणी मध्येच सोडली तर सगळं पुन्हा करायचं, म्हणून त्यांनी कारकुनाला नावं घ्यायला सांगितलं. ज्यांना म्हणणं मांडायचंय त्यांची यादी होती. कारकुनानं पहिलं नाव पुकारलं.

कोणी उठलं नाही.

त्यानं दुसरं पुकारलं, मग तिसरं. तो माणूस माझ्या बाजूलाच बसला होता, मला ठाऊक होता, काल त्यानंच मला नारळाचं पाणी दिलं होतं. तो समोर बघत बसून राहिला, पापणी न हलवता. कारकून प्रत्येक नावापुढं काहीतरी खरडत होता. मान लांब करून बघितलं. तो लिहीत होता, गैरहजर. दोनशे माणसं त्याच्या डोळ्यांसमोर बसलेली, आणि कागदावर एकेक करून नाहीशी होत होती. असंच चालू राहिलं तर शेवटी लिहिलं जाणार होतं की गावाची काही हरकत नाही.

"जयवंती हरेश्वर तांडेल."

त्या माझ्या पुढं दोन रांगा बसल्या होत्या. त्यांची पाठ ताठ झाली, परवा चिखलात झाली होती तशी. त्या उठल्या नाहीत. कारकुनानं वर बघितलं, पुन्हा नाव घेतलं, आणि लिहिलं.

यादीत शेवटचं नाव माझं होतं. मी शिकलेला माणूस आहे. जन्मभर कोन मोजले, क्षेत्रफळं काढली, भुताखेतांना भीक घातली नाही. पण कारकून ते नाव घ्यायला लागला तेव्हा मला पायाखालचं पाणी जाणवलं, गार, अगदी स्थिर, आणि खरं सांगतो, मला भीती वाटली. मनात आलं, गप्प बसावं, हे गाव गप्प बसलंय तसं. मग तो माथा आठवला, चार वर्षांपूर्वी मेलेल्या माणसानं माझ्यासाठी साफ ठेवलेला.

"सदाशिव विठोबा. मोजणीदार."

"हजर," मी म्हणालो.

सगळ्या मांडवानं माझ्याकडं वळून बघितलं. आजूबाजूची माणसं जरा बाजूला सरकली. मी उभा राहिलो. काय बोललो ते सगळं नीट आठवत नाही, पण ते साधारण असं होतं. नकाशावरची रेघ माझी आहे. ती मी अष्टमीला ओढली, भांगावर, कारण मला दसऱ्याला घरी जायचं होतं. मला सांगणारा माणूस होता आणि मी त्याचं ऐकलं नाही. कायदा उधाणाची रेघ मागतो आणि हे उधाण तुमच्या पायांशी उभं आहे. खरी रेघ तेव्हा जोत्यावर होती, तीच धरा. आणि या लोकांना गैरहजर लिहू नका, पाणी आहे तोवर ते बोलणार नाहीत, पाणी उतरू द्या. एवढं बोलून मी खाली बसलो.

अधिकारीबाईंनी मला बोलू दिलं, मध्ये तोडलं नाही. मग त्या शांतपणे म्हणाल्या, "तेव्हाची रेघ आता देता येणार नाही. फेरमोजणी करायची तर आजच्या उधाणाचीच करावी लागेल. आज पाणी कुठवर जातं?"

मला ठाऊक होतं. काल गेरू वाळतानाही मी बघितला होता. पण तीस वर्षांपूर्वी माझ्या एका वाक्यानं जयवंतीबाईंचं खळं गेलं होतं, आज दुसऱ्या वाक्यानं घर जाणार होतं. मी खाली मान घातली.

पुढच्या रांगेत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. जयवंतीबाई पाण्यात उभ्या होत्या.

"माझ्या चुलीच्या मागं," त्या म्हणाल्या. "भिंतीवर चार बोटं. तिथवर समुद्र लिवा."

कारकुनानं पेन उचललं आणि नाव विचारलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"नाव पानी उतरल्यावर सांगते. आदी रेघ लिवा."

अधिकारीबाईंनी कारकुनाकडं बघितलं आणि सांगितलं, लिहा. आम्ही सगळे तसेच बसून राहिलो, पाय वर घेऊन, पाण्याच्या बाटल्या मांडीत धरून, अधिकारीबाईसुद्धा. तीनच्या पुढं जाजम दिसायला लागलं. मग एकेक माणूस टेबलापाशी जाऊन नाव सांगू लागलं, ओल्या कागदावर शाई पसरत होती, कारकून फुंकर मारत होता. जयवंतीबाई रांगेत सगळ्यांत पुढं होत्या. संध्याकाळी त्यांनी मला सुक्या बोंबलांची पुडी बांधून दिली आणि बजावलं की आता कुठंही पाणी दिसलं तर लगेच ओ देऊ नका, आधी कोण हाक मारतंय ते बघा.

मी हो म्हटलं. आमच्या माणदेशात तो धोका नाही, असंही म्हटलं.

परत आल्यावर पहिल्या आठवड्यात आमच्या मंडळींनी पुडी उघडून चटणी केली, गल्लीभर वास गेला. पुढं दोनेक महिन्यांनी टपालानं जाड लिफाफा आला. फेरमोजणी झाली होती, पौर्णिमेच्या उधाणाला. टेपचं दुसरं टोक कोणी धरलं ते मला विचारावं लागलं नाही, पंचनाम्यावर जयवंतीबाईंची सही होती. नव्या नकाशात खळ्यावर भरतीक्षेत्र असं लिहिलं होतं. ते आता कोणाला मिळणार नाही. त्याच्या मागं, रेघेच्या समुद्राकडच्या अंगाला, छोट्या चौकोनांची एक ओळ होती, तुटक रेघांनी काढलेली, आणि कडेचा चौकोन जयवंतीबाईंच्या घराचा. मी चष्मा पुसून बराच वेळ त्या चौकोनाकडं बघत बसलो.

मग न राहवून फोन लावला. पलीकडून उचलला, पण कोणी बोललं नाही. मी म्हटलं, नकाशा मिळाला, खळं वाचलं. हूं, असा आवाज आला. मी म्हटलं, पण घराचं काय करायचं ठरवलंत, जयवं...

"साहेब, नाव घेऊ नका," त्या अगदी हळू म्हणाल्या. "आज अमावास्या."

मी घड्याळ बघितलं. दुपारचे साडेबारा वाजले होते. मी फोन कानाला धरून गप्प बसलो आणि नकळत पाय खुर्चीवर घेतले. पलीकडं पातेलं भिंतीला लागत होतं. टक. थोड्या वेळानं पुन्हा, टक.